जुनी हिमालयन ४११ घ्यावी का? तीन गाड्या तपासल्यानंतरचे मत

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आता नवी मिळत नाही. २०१६ मध्ये बाजारात आलेली ही गाडी २०२३ च्या अखेरीस ४५० सीसीच्या नव्या हिमालयनला जागा करून देऊन बंद झाली, त्यामुळे ती हवी असेल तर कोणाची तरी वापरलेलीच घ्यावी लागते. २०२५ च्या दिवाळीनंतर मी पुण्यात अशा तीन गाड्या पाहिल्या, तिन्ही अगदी खाली बसून, बॅटरीच्या उजेडात तपासल्या, दोन नाकारल्या आणि तिसरी घेतली. हे मत त्या तिसऱ्या गाडीविषयी आहे. परंतु पहिल्या दोन का नाकारल्या हे सांगितल्याशिवाय ४१ हजार किलोमीटर धावलेली गाडी पैसे मोजून का घेतली ते कोणाला पटणार नाही, म्हणून त्या दोन्हींचीही हकिगत येथे दिली आहे.

आधी ही गाडी मनात का होती ते सांगतो. महाराष्ट्रात दुचाकीवर दूरचा प्रवास करणाऱ्या माणसाला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर प्रवेश नाही आणि समृद्धी महामार्गावरही नाही. म्हणजे ज्या रस्त्यांवर मोठा वेग सलग टिकवता आला असता, ते रस्ते आपल्यासाठी मुळातच बंद आहेत. उरतात ते बोरघाटातून उतरणारा जुना मुंबई रस्ता, ताम्हिणी, वरंध, आंबोली यांसारखे घाट, आणि कोकणातला तो किनाऱ्याचा रस्ता, जिथे दाभोळला किंवा जयगडला गाडी फेरीबोटीत घालून खाडी ओलांडावी लागते. या रस्त्यांवर दिवसाची सरासरी ताशी ४० ते ४५ पडली तरी माणूस समाधानी असतो. अशा ठिकाणी किती वेगाने जाता येते यापेक्षा खड्डा आल्यावर गाडी काय करते, पावसाने उखडलेल्या वळणावर पुढचे चाक कुठे जाते आणि सात तासांनंतर कंबर शाबूत राहते का, हे प्रश्न मोठे असतात. हिमालयनचे पुढचे चाक २१ इंची, मागचे १७ इंची. पुढच्या फोर्कचा, म्हणजे पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचा, दबण्याचा प्रवास २०० मिलिमीटर, मागच्या एकेरी शॉकॲब्सॉर्बरचा (मोनोशॉकचा) १८०. इंजिनाखालची मोकळी जागा २२० मिलिमीटर, आणि एवढे सगळे असूनही सीटची उंची फक्त ८०० मिलिमीटर. माझी उंची पाच फूट पाच इंच आहे. दोन्ही पाय जमिनीला टेकतात, ही गोष्ट कागदावर किरकोळ दिसते. पण सामान लादलेली जवळजवळ २०० किलोची गाडी उतारावर, वाळूमिश्रित खडीवर वळवताना ती किती मोठी आहे हे कळते.

माझ्या समोर दुसरे पर्यायही होते. आपल्या चाकणलाच तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर जुन्या बाजारात चांगल्या संख्येने मिळते आणि ताकदीत ती हिमालयनच्या कितीतरी पुढे आहे. २०२० मध्ये आलेल्या त्या गाडीची सीट ८५५ मिलिमीटर उंच आहे, हे माझ्यापुरते एक कारण झाले. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. पाण्याने थंड होणारे इंजिन, तारेऐवजी सेन्सरवर चालणारा थ्रॉटल, ट्रॅक्शन कंट्रोल, रंगीत पडदा, यांपैकी काय आतून थकले आहे हे पार्किंगमध्ये अर्धा तास उभे राहून माझ्यासारख्या माणसाला ओळखता येत नाही. नव्या गाडीत या सोयी वॉरंटीसह येतात तेव्हा त्या सोयीच असतात. पाच वर्षांच्या वापरानंतर, वॉरंटी संपल्यावर, त्या घेणाऱ्यासाठी बंद पेटी होतात. हिमालयन ४११ चे इंजिन हवेवर आणि ऑइलवर थंड होते, त्याला एकच सिलिंडर आणि दोनच व्हॉल्व्ह आहेत, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरवणारे भाग, स्क्रूने जुळवता येतात, गिअर पाच आहेत आणि थ्रॉटलला साधी केबल आहे. या गाडीची झीज बहुतेक करून डोळ्यांना दिसते, कानाला ऐकू येते किंवा हाताला लागते. जुनी गाडी घेण्याच्या व्यवहारात यापेक्षा मोठा गुण मला दुसरा कोणता दिसत नाही, आणि पुढचे सगळे मत याच एका मुद्द्यावर उभे आहे.

नवी ४५० घ्यावी असेही घरात बोलून झाले. ती गाडी सर्वार्थाने पुढची आहे: ४५२ सीसी, ४० पीएस, सहा गिअर, १७ लिटरची टाकी. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या मोटारसायकलींवर ४० टक्के जीएसटी लागू झाला, पूर्वी तो उपकरासह ३१ टक्के होता. त्यामुळे ती पुण्यात रस्त्यावर यायला साडेतीन लाखांच्या पुढे पैसे लागतात. वर्षातून पाच-सहा मोठे दौरे आणि एरवी रविवारची फेरी एवढ्या वापरासाठी मला ती रक्कम अडकवायची नव्हती.

जुनी घ्यायची ठरल्यावर कोणत्या सालची, हा प्रश्न येतो. सुरुवातीच्या गाड्या कार्बोरेटरच्या होत्या. २०१७ मध्ये बीएस-४ या प्रदूषण मानकासोबत फ्युएल इंजेक्शन आले, २०१८ मध्ये दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) मिळाले, जानेवारी २०२० मध्ये बीएस-६ आवृत्ती आली आणि तिच्यात मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय झाली. फेब्रुवारी २०२१ पासून रस्ता दाखवणारी छोटी गोल तबकडी मीटरशेजारी बसू लागली. माझे मत असे की बीएस-६ च्या मागे, म्हणजे त्याहून जुन्या गाडीकडे, जाऊ नये. थोडे पैसे वाचतात, पण पंधरा वर्षांच्या नोंदणीतली बरीच वर्षे आधीच खर्ची पडलेली असतात, आणि घाटात ओल्या उतारावर एबीएस नसलेली गाडी चालवण्याचे आता काही कारण उरलेले नाही.

पहिली गाडी एका जुन्या गाड्यांच्या दुकानात पाहिली. २०२० ची, मीटरवर ९,६०० किलोमीटर, पॉलिश केलेली, टायर काळे चकचकीत, किंमत १ लाख ७० हजार. दुकानदाराने आदराने चहा मागवला, कागद समोर ठेवले. मी खाली बसून पाहू लागलो तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरले ते पायाखालचे फूटपेग. त्यांच्या दात्यांची टोके बुटांनी घासून गोल झाली होती. गिअरच्या दांडीचे रबर गुळगुळीत झाले होते. पुढच्या डिस्कच्या कडेवरून नख फिरवले तर नखाला स्पष्ट पायरी लागली, म्हणजे पॅडने डिस्क बरीच खाल्ली होती. साडेनऊ हजारांत हे होत नाही. तरीही निव्वळ अंदाजावर कोणावर आरोप करणे बरे नव्हे म्हणून मी सीट उघडायला सांगितले. सीटखाली, बॅटरीच्या बाजूच्या प्लास्टिकवर, ऑइल बदलल्यानंतर गॅरेजवाले चिकटवतात तसला एक पिवळट स्टिकर होता. अर्धा फाटलेला, पण बॉलपेनाने लिहिलेला आकडा वाचता येत होता: पुढील ऑइल २६,५००. मी तो दुकानदाराला दाखवला. त्यांनी तो दुसऱ्या गाडीचा असेल असे सांगितले. मी चहाबद्दल आभार मानून निघालो. मीटर मागे फिरवणे हा केवळ आकड्याचा खोटेपणा नसतो; त्या आकड्यावरूनच आपण चेन, क्लच प्लेटा, टॅपेट यांचे पुढचे काम ठरवतो, म्हणून तो गाडी चालवणाऱ्याच्या जिवाशी खेळ असतो, असे मला मनापासून वाटते.

दुसरी गाडी कोथरूडच्या एका सोसायटीत होती. मालक निवृत्तीला आलेले, अत्यंत सज्जन गृहस्थ. २०२१ ची गाडी, ७,२०० किलोमीटर, आणि तो आकडा शंभर टक्के खरा. गुडघ्याचे दुखणे सुरू झाल्यामुळे गाडी दोन वर्षे कव्हर घालून उभी होती. बहुतेक लोक अशीच गाडी शोधत असतात, आणि मीही आधी अशीच शोधत होतो. परंतु उभी गाडी झिजत नाही हा समज खोटा आहे. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे; तो पाहिला तर टायर गाडीइतकेच जुने होते आणि त्यांच्या बगलेत बारीक चिरा पडल्या होत्या. फोर्कच्या चकचकीत नळीवर गंजाचे ठिपके होते, आणि ते ठिपके गाडी दाबताना सीलमधून जातात तेव्हा सील फाडतात. टाकीचे झाकण उघडून आत बॅटरी मारली तर पेट्रोलच्या रेषेच्या वर तांबूस कड दिसत होती. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल ओलावा धरते आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या त्या पेट्रोलाचा विचार करून बनवलेल्या नाहीत. अशा गाडीत ते महिनोन् महिने साठून राहिले तर पंप आणि इंजेक्टर यांच्यापर्यंत काय पोचले असेल ते बाहेरून कळायला मार्ग नाही. टायर, बॅटरी, सील, टाकीची सफाई असे धरून पंचवीस हजारांच्या आसपास खर्च दिसत होता, आणि मालकांची अपेक्षा १ लाख ७५ हजारांची होती. त्यांनी गाडीवर माया केली होती हे त्या कव्हरकडे पाहूनही कळत होते, म्हणून नाही म्हणताना मला वाईट वाटले. पण किलोमीटर कमी आहेत एवढ्यासाठी जास्तीचे पैसे देणे मला योग्य वाटले नाही.

तिसऱ्या गाडीचे मालक तिशीतले, हिंजवडीत नोकरी करणारे. फोनवरच त्यांनी सांगितले, “काका, गाडी ४१ हजार चालली आहे, लेहला एकदा जाऊन आली आहे, एकदा आडवीही पडली आहे. चालणार असेल तरच या.” मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, एवढी एकच विनंती मी त्यांना केली, कारण गरम इंजिन बरेच आवाज लपवते. गेलो तेव्हा प्रथम इंजिनाच्या खालच्या कवचाला (क्रँककेसला) हात लावून पाहिला; थंडगार होता.

त्यांनी गाडीच्या आधी एक वही पुढे केली. साधी दोनशे पानी वही, कोपरे दुमडलेले, पहिल्या पानावर गाडीचा नंबर. प्रत्येक नोंदीला तारीख, किलोमीटर, केलेले काम आणि दिलेले पैसे. ऑइल बदलण्यासाठी कंपनीने दहा हजारांचा काळ सांगितलेला असताना यांनी ते दर पाच हजारांना बदलले होते. २२,१०० वर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण संच. २३,८०० वर, लेहला जाण्याच्या आधी, क्लचची केबल बदलून जुनी केबल जादा म्हणून बरोबर घेतल्याची नोंद, आणि परतल्यावर २९,६०० ला एअर फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड आणि मागच्या चाकाच्या चार तारा. गाडी कुठे पडली तेही लिहिले होते: सरचूच्या पुढे, पाण्याचा ओढा ओलांडताना, डाव्या बाजूवर, लेगगार्ड वाकला, तो नवा घातला. तीन पानांना बिलांच्या पावत्या टाचलेल्या होत्या आणि त्यांतल्या दोन मी नोंदींशी ताडून पाहिल्या, आकडे जुळले. ही वही हातात असताना मला पहिल्यांदा जाणवले की मी इतके दिवस चुकीची गोष्ट शोधत होतो. कमी चाललेली गाडी मिळणे हे नशीब. हिशोब ठेवलेली गाडी मिळणे ही खात्री.

तरीही वही पाहून गाडी घेत नाहीत. माझ्याबरोबर आमच्या भागातले जुने मेकॅनिक आले होते. त्यांना सगळे मामा म्हणतात आणि गेली तीस वर्षे ते बुलेटचीच कामे करत आले आहेत. त्यांनी गाडी डबल स्टँडवर घेतली, मागे वजन टाकून पुढचे चाक अधांतरी केले आणि दोन बोटांनी हँडल डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश नेले. बरोबर मध्यावर हँडल किंचित अडकले, जसे एखाद्या खाचेत बसावे. “बॉल रेसर गेला,” मामा म्हणाले, “पण खड्ड्यातून चाललेल्या गाडीचा जाणारच, त्याचं काही वाईट वाटून घेऊ नका.” बॉल रेसर म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग. त्यांनी माझाही हात हँडलवर ठेवून ती खाच मला दाखवली. असे हँडल सरळ रस्त्यावर गाडीला बारीक डोलवत ठेवते, आणि हा दोष कोणत्याही कच्च्या रस्त्यावरच्या गाडीत पहिल्यांदा तपासावा असा आहे.

मग तारा. हिमालयनच्या दोन्ही चाकांना तारांच्या रिम आहेत. मामांनी एक छोटा पाना घेऊन प्रत्येक तारेवर टिचकी मारली. ताणलेली तार टणत्कार देते, सैल तार बद्द वाजते. पुढच्या चाकात दोन तारा बद्द निघाल्या. चाक फिरवून मडगार्डच्या कडेशी बोट धरले तर रिमला थोडा आउट होता, म्हणजे ती किंचित वाकडी फिरत होती, पण काठ दबलेला नव्हता. पुढे मोनोशॉकच्या खालच्या लिंकेजचे बेअरिंग, जिथे चिखल साठतो आणि ग्रीस द्यायला लोक विसरतात. तिथे गाडी वर उचलून हलवल्यावर खडखड नव्हती. मागच्या कॅरिअरच्या फ्रेमला जिथे वेल्डिंग आहे तिथे बॅटरी धरून रंगाला तडा गेला आहे का पाहिले, कारण दोन्ही बाजूंना जड पेट्या अडकवून खड्ड्यातून गेल्यावर पहिला ताण तिथेच येतो. चासीवर, हँडल पूर्ण वळल्यावर जे दोन अडथळे टेकतात, ते दोन्ही सरळ होते; गाडी जोरात आपटली असती तर त्यांतला एक दबलेला दिसला असता. इंजिनाखालच्या बॅश प्लेटवर दगडांचे ओरखडे भरपूर होते, आणि मामांच्या मते प्लेट त्याचसाठी असते. ऑइलच्या काचेतून ऑइल काळे पण स्वच्छ दिसत होते. त्यात पाणी गेले असते तर ते दुधाळ दिसले असते, आणि ओढे ओलांडून आलेल्या गाडीत हे पाहणे अगत्याचे आहे.

वायरिंगकडे माझे लक्ष नसते गेले. ते मामांनी नेले. जादा दिवे बसवताना बहुतेक ठिकाणी मूळ वायर कापून टेप गुंडाळतात. येथे दिव्यांना स्वतंत्र रिले आणि फ्यूज होता आणि जोड नीट कनेक्टरने केलेले होते. शेवटी सेल्फ मारला. इंजिन दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाले, धूर नाही, टॅपेटचा टिकटिक आवाज थोडा जास्त, तोही मिनिटभरात कमी झाला. एबीएसचा दिवा गाडी हलताच विझला, तो तसाच विझायला हवा. जो दिवा लागतच नाही त्याचा बल्ब कोणी काढून ठेवला आहे का, याची शंका घ्यावी.

चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुटचा घाट आणि परत अशी ट्रायल घेतली. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये गाडी न कुरकुरता चढते, कारण तिचा ३२ न्यूटन मीटरचा जोर चार-साडेचार हजार फेऱ्यांवरच मिळतो आणि त्यासाठी इंजिन पिळावे लागत नाही. तुटक्या डांबरावर मी सवयीने वेग कमी करत होतो आणि प्रत्येक वेळी लक्षात येत होते की त्याची गरज नव्हती. पुढचे मोठे चाक खड्डा गिळून टाकते. सपाट रस्त्यावर ८० ते ९० हा या गाडीचा सुखाचा वेग आहे. १०० च्या पुढे फूटपेगमधून कंप येऊ लागतो. सुमारे २४ बीएचपी आणि १९९ किलो यांचे गणित आधीच समजून घ्यावे: ट्रक ओलांडताना समोरचा रस्ता मोकळा हवा आणि गिअर एक खाली हवा. पुढचा ब्रेकही बोटाने नव्हे, हाताने दाबावा लागतो. मागे बसून आलेल्या माझ्या पत्नीचे मत असे की सीट रुंद आहे, धरायला चांगली जागा आहे, पण चढताना पाय बराच वर न्यावा लागतो. सामानाची पेटी लावल्यावर ही अडचण वाढते, हे आता अनुभवाने सांगतो.

किंमत ठरवताना आम्ही घासाघीस केली नाही, हिशोब केला. त्यांची मागणी १ लाख ५८ हजारांची होती. ही गाडी २०२१ मध्ये नवी असताना एक्स-शोरूम दोन लाखांच्या थोडी वर होती. बॉल रेसर, दोन तारा आणि रिमचे काम, दुसऱ्यांदा आलेली चेन-स्प्रॉकेट बदलण्याची वेळ, टॅपेट आणि सर्व्हिस असा मामांचा अंदाज साडेचौदा हजारांचा होता. तो कागदावर लिहून मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोन मिनिटे वाचला, चेनची नोंद वहीत पाहिली आणि १ लाख ४२ हजारांना होकार दिला. दोघांनीही आपापल्या बाजूने खरे बोलल्यामुळे हा व्यवहार एका बैठकीत झाला.

कागदांच्या बाबतीत तपशील महत्त्वाचे आहेत. आरसीवर बँकेचा बोजा होता. कर्ज फिटले होते, पण बोजा उतरवलेला नव्हता, आणि असे फार वेळा घडते. तेव्हा बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आधी तो उतरवला आणि मगच हस्तांतराच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्या. चासीवर कोरलेला नंबर आणि इंजिनाचा नंबर आरसीशी अक्षर न अक्षर ताडला. दोन ई-चलने बाकी होती, ती त्यांनी माझ्यासमोर फोनवर भरली. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. सही केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी वर्षभर जुन्याच नावावर चालवणे हा दोघांनाही घातक प्रकार आहे, कारण मधल्या काळात अपघात झाला तर नोंदणीवरच्या माणसालाच उत्तर द्यावे लागते. विम्याचेही तसेच. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, म्हणून मार्च २०२१ च्या या गाडीचा तो मार्च २०२६ पर्यंत होता. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दरवर्षी घ्यावा लागतो आणि तो संपलेला होता. कंपनीला चौदा दिवसांत कळवून विमा आपल्या नावावर करून घ्यावा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही; त्यामुळे जुना हप्ता पाहून आपला हप्ता तेवढाच येईल असे धरू नये.

गाडी घेतल्यापासून २,३०० किलोमीटर झाले. प्रत्यक्ष काम साडेचौदाऐवजी १६,२०० रुपयांवर गेले, कारण फोर्क उघडल्यावर ऑइल आणि एक सील बदलणे शहाणपणाचे ठरले. बॉल रेसर बदलल्यानंतरचे हँडल आणि आधीचे हँडल यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पेट्रोलला सरासरी लिटरमागे ३१ किलोमीटर मिळतात, म्हणजे १५ लिटरच्या टाकीवर पुण्याहून निघून गुहागरपर्यंत जाऊन बरेचसे परतही येता येते. ज्यांना रोज शहराच्या कोंडीतून कामावर जायचे आहे त्यांनी ही गाडी घेऊ नये. तिचे वजन आणि इंजिनाची ऊब सिग्नलला नकोशी होते. ज्यांचा प्रवास मुख्यतः बेंगळुरूच्या महामार्गावरचा आहे, त्यांनाही ती अपुरी वाटेल. घाट, कोकण, मावळातले आडरस्ते आणि कधीतरी एखादा उत्तरेचा मोठा दौरा, एवढे ज्यांच्या मनात आहे आणि सोबतीला विश्वासाचा मेकॅनिक आहे, त्यांनी नोंदी असलेली, बीएस-६ ची, सव्वा ते दीड लाखातली गाडी निःशंकपणे घ्यावी, किलोमीटर चाळीस हजार असले तरी.

एका गोष्टीची तयारी मात्र ठेवावी. तारांच्या रिम असल्यामुळे टायर ट्यूबचे आहेत, आणि ट्यूबलेसची सवय झालेल्या माणसाला पंक्चर म्हणजे पाच मिनिटांचे काम वाटते. दाभोळच्या धक्क्यावरून वर चढल्यावर माझे मागचे चाक बसले. जवळच्या पंक्चरवाल्यांकडे नेण्याइतपतही हवा नव्हती. त्यांना फोनवरून बोलावून घेतले, त्यांनी डबल स्टँडवर चाक उतरवले, टायर लिव्हरने उलगडला, आतली खिळ्याने फाटलेली ट्यूब काढली आणि पाऊण तासात गाडी उभी केली. त्यांच्याकडे १७ इंची ट्यूब होती, ती माझे नशीब. २१ इंची त्यांच्याकडे नव्हती. तेव्हापासून सीटमागच्या पिशवीत एक पंप, दोन लिव्हर आणि पुढच्या चाकाची २१ इंची ट्यूब असते. पुढची ट्यूब अडचणीत मागच्या टायरमध्ये दुमडून घालता येते आणि पुढच्या गावापर्यंत पोचवते. मागची ट्यूब पुढच्या चाकात चालत नाही.